गाडीची यत्ना : किल्ली फिरवण्यापूर्वीची दहा मिनिटे

दुकानाला कुलूप लावण्यापूर्वी गल्ला मोजावा, रोजमेळ जुळवावा, दिवे-पंखे बंद झाले की नाही ते पाहावे आणि शटर ओढल्यावर कुलूप एकदा हाताने हिसकून खात्री करून घ्यावी, ही व्यापारी घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. वीस रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत चैन पडत नाही. त्याच घराच्या दारात उभी असलेली मोटार मात्र एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत कोणी निरखून पाहत नाही. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, म्हणजे सारे ठीक आहे असे गृहीत धरले जाते. वास्तविक झिजलेला टायर किंवा जुने झालेले ब्रेक ऑइल असतानाही गाडी विनातक्रार सुरू होते. दोष उघडकीला येतो तो घाटाच्या उतारावर किंवा पावसाच्या पहिल्या सरीत, आणि त्या वेळी उपाय करायला अवधी उरलेला नसतो.

जैन आचारात या गृहीत धरण्याला नेमका शब्द आहे : प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीच्या मुळाशी असलेल्या प्रमादाकडे प्रथम बोट दाखवले आहे. मुनींसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी ईर्या समितीत चालताना पुढची सुमारे चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याचा दंडक आहे. आदाननिक्षेपण समितीत कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना ती नीट पाहण्याचा. श्रावकाला हे नियम मुनींइतक्या काटेकोरपणे लागू नसले, तरी त्यामागची यत्ना, म्हणजे ज्याला अनेक घरांत जयणा म्हणतात ती जपणूक, त्याच्याकडूनही अपेक्षित आहे. स्वयंपाकघरात पाणी गाळून घेणारे, धान्य निवडून घेणारे घर या बाबतीत जागरूक असतेच. परंतु घरातील सर्वांत जड, सर्वांत वेगवान आणि दुसऱ्याला इजा करण्याची सर्वाधिक क्षमता असलेली वस्तू दाराबाहेर उभी असते, याचा विसर पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. चार हात जमीन पाहून चालण्याचा संस्कार या वेगाला लागू करायचा, तर पाहण्याचे बरेचसे काम गाडी सुरू होण्यापूर्वीच उरकावे लागते.

त्यासाठी मेकॅनिक होण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून दहा मिनिटे, हवेचा दाब मोजण्याचे साधे मीटर, एक जुने सुती फडके आणि एक विजेरी एवढी सामग्री पुरेशी आहे.

गाडीभोवती एक फेरी

पहिली सवय अगदी साधी आहे : गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारावी आणि वाकून खाली पाहावे. उन्हाळ्यात सावलीसाठी कुत्री गाडीखाली निजतात; त्यांची पिल्ले चाकाला टेकून झोपलेली असतात. थंडीच्या रात्री मांजर ऊब शोधत खालून वर चढते आणि इंजिनाच्या कप्प्यात जाऊन बसते. किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेटवर दोन-तीन वेळा हाताने थापटले, तर आतला जीव बाहेर पडायला वाव मिळतो. सोसायटीच्या आवारात आणि वाड्याच्या अंगणात गाडी मागे घेताना लहान मूल चालकाच्या दृष्टीस न पडण्याचा धोकाही याच फेरीने टळतो. मागचा कॅमेरा असला तरी तो चाकाशेजारचे सर्व काही दाखवत नाही.

हीच फेरी जमिनीवरचे डागही दाखवते. वातानुकूलन यंत्र चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते, त्यात काळजीचे कारण नाही. काळपट, चिकट डाग इंजिन ऑइलचा असतो. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ दिसला, तर ब्रेक ऑइल गळत असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नये. हिरवा, गुलाबी किंवा निळसर रंगीत द्रव हा कूलंट असतो. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असल्याने कुत्र्या-मांजरांनी चाटल्यास त्यांच्या जिवावर बेतते. असा डाग दिसताच तो फडक्याने टिपून घ्यावा, जागा भरपूर पाण्याने धुवावी आणि गळती लगेच दुरुस्त करून घ्यावी.

चार तळहातांवर उभी गाडी

एक हजार किलोहून अधिक वजनाची मोटार रस्त्याला प्रत्यक्ष टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श जेमतेम तळहाताएवढा असतो. ब्रेक, वळण आणि पावसातील पकड या सर्वांची भिस्त या चार तळहातांवर असते. म्हणून तपासणीचा पहिला मान टायरचा.

हवेचा योग्य दाब किती, हे टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यावरून ठरवू नये. तो त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो. गाडीसाठीचा योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील किंवा इंधन टाकीच्या झाकणामागील पट्टीवर लिहिलेला असतो. तेथे बहुधा दोन आकडे असतात, एक मोजक्या प्रवाशांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. गाडी बराच वेळ चालली की आतील हवा तापून दाब वाढतो आणि मीटर फसवा आकडा दाखवते. पंक्चर नसले तरी टायरमधील हवा महिनाभरात थोडीफार कमी होतेच. नायट्रोजन भरला असला तरी मोजण्यातून सुटका नाही.

कमी हवेचा धोका पुष्कळांना उमगत नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या वाकण्याने रबर आतून तापते. शहरातील संथ रहदारीत हे खपून जाते. पण समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटर लांबीच्या काँक्रीटच्या रस्त्यावर, एप्रिल-मेच्या उन्हात, तासन्‌तास एकाच वेगाने गाडी धावली की ती उष्णता साठत जाते आणि टायर फुटतो. पुढचे चाक फुटले तर गाडी एका बाजूला ओढली जाते. अशा वेळी जोरात ब्रेक न दाबता सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरावे, पाय ॲक्सिलरेटरवरून हळूहळू उचलावा आणि वेग उतरल्यावर गाडी कडेला घ्यावी.

टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. झिजत झिजत टायरचा पृष्ठभाग या उंचवट्यांच्या पातळीला आला, की टायरचे आयुष्य संपले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असणे आवश्यक आहे. दुचाकी आणि तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. खाचांचे काम रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे. त्या उथळ झाल्या की पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो. गाडी तरंगू लागते आणि ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी ठरतात.

टायर फक्त मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरली जात आहे. दोन्ही कडांना झिजला असेल तर कमी भरली जात आहे. एकाच कडेला झिजला असेल तर अलाइनमेंट करून घेण्याची वेळ आली आहे. टायरच्या बाजूला फुगवटा किंवा चीर दिसली, तर खाचा कितीही खोल असोत, तो टायर बदलावा. अनेक घरांत गाडी कमी चालते, त्यामुळे टायर नवा दिसतो. पण रबर वयानेही कडक होते. टायरवरील चार अंकी क्रमांक त्याची जन्मतारीख सांगतो. २३२१ असे लिहिले असेल, तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सवलतीच्या दरात टायर विकत घेतानाही हा आकडा अवश्य वाचावा. मालाची तारीख पाहणे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

स्टेपनीची हवा तपासायला विसरू नये. काही नव्या गाड्यांत स्टेपनी अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. काहींत स्टेपनीऐवजी पंक्चरचे साहित्यच दिलेले असते. आपल्या गाडीत काय आहे, हे घरच्या सपाट अंगणातच पाहून घ्यावे. एखाद्या रविवारी घरातील मुलगे, मुली, सुना अशा सर्व चालकांनी एकदा चाक बदलून पाहावे. क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : सपाट, घट्ट जमीन, हँडब्रेक, समोरच्या बाजूच्या चाकाला दगडाचा अटकाव, जॅक लावण्यापूर्वी नट थोडे सैल करणे, जॅक ठरवून दिलेल्या जागीच लावणे, आणि चाक बसवल्यावर नट एकामागून एक न आवळता समोरासमोरच्या जोड्यांनी आवळणे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोके कधीही घालू नये.

ब्रेक : पायाला कळणारी भाषा

ब्रेकचे आतील काम तज्ज्ञाचे. पण ब्रेक बिघडत असल्याची सूचना प्रथम चालकाच्या पायाला मिळते. पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले, स्पंजासारखे मऊ लागले, दाबताना गाडी एका बाजूला ओढू लागली, कर्कश किंवा खरखरीत आवाज येऊ लागला, तर त्या दिवशीचे काम बाजूला ठेवून गाडी दाखवावी. खरखर म्हणजे पॅड संपून लोखंड लोखंडावर घासत असल्याचा इशारा असतो.

बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूला बहुधा ब्रेक ऑइलची लहान, अर्धपारदर्शक डबी दिसते. तिच्यावर किमान व कमाल अशा दोन रेषा असतात. पातळी या दोहोंमध्ये असावी. पॅड झिजतात तशी ती सावकाश उतरते. मात्र अचानक उतरली तर कोठेतरी गळती आहे. अशा वेळी वरून भर घालून प्रवासाला निघणे म्हणजे हिशेबातील तूट खोट्या नोंदीने भरून काढण्यासारखे आहे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. वर्षे उलटतात तसे त्यात पाण्याचे प्रमाण वाढते आणि ते कमी उष्णतेत उकळू लागते. घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापले, की आत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल पोकळ जाते. म्हणून सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी, अथवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, ते बदलून घ्यावे. उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाच्या साहाय्याने वेग आवरावा. घाट चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवावा, हा जुन्या चालकांचा ठोकताळा आजही उपयोगी आहे. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हे मात्र चार पैशांसाठी साऱ्या कुटुंबाला पणाला लावण्यासारखे होय.

बॉनेटखाली

इंजिन ऑइल पाहण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे. डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग काढून पाहावी. तेलाची रेषा दोन खुणांच्या मध्ये हवी. तेल काळे दिसणे स्वाभाविक आहे. पण दुधाळ कॉफीसारखा रंग आला असेल तर तेलात पाणी शिरले आहे आणि गाडी चालवू नये.

कूलंटची पातळी बाहेरून टाकीवरील खुणांवरूनच पाहावी. तापलेल्या इंजिनाचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्याने झाकण फिरवताच उकळती वाफ अंगावर उसळते. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने ती स्वच्छ करता येते. केबल काढताना आधी ऋण टोक, बसवताना ऋण टोक शेवटी, हा क्रम पाळावा. हातातील अंगठी, बांगड्या, कडे काढून ठेवावे; दोन टोकांमध्ये सोने आले तर क्षणात तापून गंभीर भाजते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, तो पेट घेतो. दसऱ्याला किंवा दिवाळीत वाहनपूजा करताना बॉनेट उघडून आत उदबत्ती वा दिवा फिरवण्याचा मोह टाळावा.

धान्याची, किराण्याची किंवा सुक्या मेव्याची पेढी असेल तर आणखी एक बाब येते. गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. कधी इंधनाची रबरी नळीही कुरतडली जाते, आणि तेव्हा आगीचा धोका निर्माण होतो. विष ठेवणे अहिंसक घराला मान्य नसते आणि त्याची गरजही नसते. गाडीत धान्याचे दाणे, प्रसाद, फराळाचा चुरा राहू देऊ नये. गाडी दिवसचे दिवस एकाच जागी उभी ठेवू नये. दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून कप्पा पाहावा. हवा आत घेणाऱ्या तोंडाला बारीक जाळी बसवून घ्यावी. गाडी सुरू करताच पेट्रोलचा वास आला, तर लगेच इंजिन बंद करून सर्वांनी बाहेर पडावे.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. शेवटच्या चाचणीची तारीख जपून ठेवावी. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिन ऑइल नसते, पण टायर, ब्रेक ऑइल, वायपर आणि दिवे असतातच. तिच्या बॉनेटखालील नारिंगी केबलना मात्र घरच्या माणसाने हात लावू नये. त्यांतून उच्च दाबाची वीज वाहते.

पाहणे आणि दिसणे

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. ऊन वाढण्यापूर्वी मुक्काम गाठता यावा म्हणून पहाटेच्या अंधूक उजेडात, हिवाळ्याच्या धुक्यात, महामार्गाच्या कडेने ते पायी चाललेले असतात. त्यांच्यापाशी वाहन नसते, दिवा नसतो, भोंगा नसतो. विहारमार्गावरील अपघातांच्या वार्तांनी समाज दर वर्षी हळहळतो. परावर्तक पट्ट्यांची जाकिटे घालून सोबत चालणारे युवक आपले कर्तव्य करतात. पण समोरून किंवा मागून येणारी गाडी कोणा श्रावकाचीही असू शकते. रात्रभर गाडी चालवून पहाटे तीर्थाला पोहोचू पाहणाऱ्या, डोळे जड झालेल्या चालकाला एकच हेडलाइट लागत असेल आणि काच धुळीने माखलेली असेल, तर कडेने चाललेली धवल वस्त्रेही त्याला उशिराच दिसतील. तीच गोष्ट पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याची, पहाटे शेताला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची आणि सायकलवरून दूध नेणाऱ्याची.

दिव्यांची तपासणी करण्यासाठी व्यापाऱ्याच्या हाताशी उत्तम साधन असते : दुकानाचे शटर. संध्याकाळी गाडी बंद शटरासमोर उभी करून दिवे लावावेत. दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात का, एखादा आकाशाकडे किंवा समोरच्याच्या डोळ्यांकडे वळला आहे का, हे तत्काळ दिसते. मग गाडी उलटी उभी करून ब्रेक दाबावा. मागचे लाल दिवे शटरावर उजळतात. इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, चारही इंडिकेटर एकदम लागण्याचे बटण हेही याच वेळी पाहावे. समोरून वाहन येताना दिवा डिपरवर घेणे हे केवळ सौजन्य नाही. समोरच्या चालकाचे डोळे दिपले की कडेने चाललेला माणूस त्याला दिसेनासा होतो.

काच बाहेरून पुसली जाते, आतून राहते. आतील तेलकट पापुद्रा रात्री समोरच्या प्रकाशात पसरतो आणि चालक आंधळा होतो. महिन्यातून एकदा ओल्या व मग कोरड्या फडक्याने आतील बाजूही पुसावी. वायपरचे रबर उन्हाळ्यात कडक होते. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी ते बदलावे. काचेवर नवकार मंत्राचे किंवा गुरुदेवांच्या छबीचे स्टिकर लावण्याची प्रथा भावपूर्ण आहे, परंतु ते चालकाच्या दृष्टिपथात नसावे. आरशाला लटकवलेली माळ वा प्रतिमा डोलत राहिली, की नजरही तिच्यासोबत डोलते. मंत्राचे स्थान मुखात आणि मनात ठेवून काच मोकळी ठेवावी.

यात्रेला निघताना

कुंथलगिरी असो, मांगी-तुंगी असो, कुंभोज-बाहुबली असो वा पालिताणा, यात्रेचा प्रवास म्हणजे भरलेली गाडी. पाच जणांच्या गाडीत सात माणसे, डिकीत बिछाने आणि डबे, मागच्या काचेखालील फळीवर पाण्याची स्टीलची कळशी. वजन वाढले की थांबायला लागणारे अंतर वाढते आणि टायरवरील ताणही. भरलेल्या गाडीसाठीचा दाब निघण्याच्या आदल्या दिवशीच भरून घ्यावा. मागच्या फळीवर जड वस्तू ठेवू नये; गाडी अचानक थांबली की ती वस्तू त्याच वेगाने पुढच्या डोक्यांवर येते. वेग दुप्पट झाला तर थांबण्यासाठी ब्रेकला लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हे गणितही ध्यानात असावे.

सीटबेल्ट फक्त पुढच्यांसाठी असतो, हा समज घराघरांत रुजला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. कायद्याने मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न केल्यासही तो होतो. नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आजीचे प्रेम निर्विवाद आहे. पण धडकेच्या क्षणी कोणत्याही हातांना मूल धरून ठेवता येत नाही, आणि एअरबॅग उघडली तर तिचा आघात प्रथम मुलावर होतो. मूल मागच्या आसनावर, त्याच्या वजनाला योग्य अशा बालआसनातच असावे. महिन्यातून एकदा प्रत्येक पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा. तो झटका देताच अडकला पाहिजे, कोठे उसवलेला नसावा आणि आसनाखाली दडपलेले त्याचे कुलूप वर काढलेले असावे.

दुकानाची गाडी आणि अतिभार

घरची मोटार निदान सर्व्हिसिंगला जाते. दुकानाचा माल वाहणारा छोटा टेम्पो आणि पोऱ्याच्या हाती दिलेली स्कूटर यांच्याकडे मात्र बहुतेक वेळा बंद पडल्यावरच पाहिले जाते. त्यांच्यावर बसणारा माणूस घरचा नसतो, म्हणून तर त्या गाड्या आधी तपासल्या पाहिजेत.

अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपेक्षा अधिक ओझे लादणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रिताला वेळेवर अन्नपाणी न मिळू देणे, हे दोन आहेत. बैलगाडीच्या काळात त्यांचा अर्थ उघड होता. आज बैलाच्या जागी टेम्पो आला. लोखंडाला वेदना होत नाहीत, हे खरे. पण क्षमतेपेक्षा अधिक भरलेल्या टेम्पोचे ब्रेक उतारावर निकामी झाले, तर जीव चालकाचा आणि रस्त्यावरच्यांचा जातो. सकाळी सहाला माल घेऊन निघालेल्या चालकाला दुपारी जेवायला वेळ न देता रात्री पुन्हा दुसऱ्या खेपेला पाठवणे हा दुसरा अतिचार होय. झोप अनावर झालेला चालक हा निकामी ब्रेकइतकाच धोकादायक असतो.

पेढीच्या मालकाने दर सोमवारी दुकान उघडताना चालकासोबत गाडीभोवती फेरी मारावी. वाहनाच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेले कमाल वजन मोठ्या अक्षरांत केबिनमध्ये लावावे. ‘ब्रेक लागत नाहीत, शेठ’ असे चालकाने सांगितले, तर ‘आजची खेप टाकून ये, मग बघू’ हे उत्तर कधीही देऊ नये. स्कूटरवर जाणाऱ्या पोऱ्यासाठी चांगले हेल्मेट दुकानाच्या खर्चाने घ्यावे.

कोठे हात आवरावा

स्वतः पाहणे आणि स्वतः दुरुस्त करणे यांतील सीमा ओळखणे हीही यत्नाच आहे. हवा भरणे, काच धुण्याच्या पाण्याची टाकी भरणे, वायपरचे रबर आणि साधा बल्ब बदलणे, टर्मिनल स्वच्छ करणे, चाक बदलणे ही घरची कामे. ब्रेक, सुकाणू, एअरबॅग, इंधनाची व गॅसची नळी आणि विजेच्या गाडीची मुख्य बॅटरी ही केवळ प्रशिक्षित कारागिराची कामे होत. डॅशबोर्डवर तेलाचा, ब्रेकचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी थांबावे. पिवळा दिवा असेल तर लवकर दाखवून घ्यावे. घरी तेल बदललेच, तर जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते जिरते तेथील सूक्ष्म जीव आणि पाणी दोन्ही नासवते. डब्यात साठवून सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावे.

कागदपत्रांचीही एक तपासणी असते. नवी मोटार घेताना तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो, आणि ‘विमा तीन वर्षांचा आहे’ या समजुतीत तो निसटतो. विमा, पीयूसी आणि परवाना यांच्या मुदती दुकानाच्या देण्याघेण्याच्या तारखांसोबत लिहून ठेवाव्यात.

वाटेत अपघात दिसला तर थांबण्यास भिऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. ११२ हा आपत्कालीन, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांवरील मदतीचा क्रमांक प्रत्येक गाडीत लिहिलेला असावा.

दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवण्याजोगे

दररोज : गाडीभोवती फेरी, खाली वाकून पाहणे, बॉनेटवर थाप, जमिनीवरील डाग, सर्वांचे पट्टे.

दर आठवड्याला : थंड टायरचा दाब, स्टेपनीसह, सर्व दिवे, शटरासमोर, काच आतून-बाहेरून, काच धुण्याचे पाणी.

दर महिन्याला : इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी, टायरच्या खाचा, चिरा, फुगवटे, बॅटरीची टर्मिनल, पट्ट्यांची ओढ, उंदरांच्या खुणा.

मृगापूर्वी : वायपर, टायर, ब्रेक.

यात्रेपूर्वी : भरलेल्या गाडीचा दाब, जॅक, पाना आणि परावर्तक त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, विजेरी, चालकाची आदल्या रात्रीची पुरेशी झोप.